रस की चोथा

चिंचवड,
ता. २२ जानेवारी १९५६

व्याही सोपानराव यांस उद्धवरावांचा सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायचं कारण आनंदाचं आहे. सूनबाईंना चौथा महिना लागला. आमच्या मालोजीनं ही बातमी मला सांगायला तीन आठवडे लावले. मागच्या साली सातव्या महिन्यात जो घात झाला तो तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हा मी बार्शीला हेडमास्तर होतो आणि इथं मुलाच्या बिऱ्हाडात काय शिजतं, काय करपतं, याकडे बघायला कुणी वडीलमाणूस नव्हतं. माझी सौभाग्यवती जाऊन तर सात वर्षं झाली. आता मी सेवानिवृत्त होऊन चिंचवडला येऊन राहिलो आहे आणि स्वयंपाकघराचा ताबा मी स्वतः घेतला आहे.

आपण ज्या निसर्गोपचाराच्या शिबिरात भेटलो, पोटावर ओल्या मातीच्या पट्ट्या बांधून शेजारीशेजारी पडलो आणि तिथंच मुलांचं लग्न ठरवलं, तिथली मुख्य शिकवण तुम्ही विसरला नसाल. भाजीपाल्याचं सत्त्व त्याच्या रसात असतं. म्हणून मी मुंबईहून रसाचं यंत्र मागवलं. ओतीव लोखंडाचं आहे. टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळायचं, वरून गाजर, दुधी, पालक घालायचा आणि दांडा फिरवायचा. एका तोंडातून रस येतो, दुसऱ्यातून चोथा. सूनबाईंना सकाळी सहाला एक पेला, दहाला एक, चारला एक. शिजवलेलं अन्न हळूहळू कमी करत आणायचं आहे. त्यांच्या अंगात रक्त नव्हतं म्हणून मागचं मूल गेलं, हे मी त्यांना रोज समजावून सांगतो.

चोथा बघून मला शिसारी येते. इतकी वर्षं आपण हा कडबा पोटात ढकलत होतो याची लाज वाटते. शेजारच्या सुभद्राबाईंच्या शेळीला तो घालतो.

तुमचा मळा आहे. दर आठवड्याला ताजा भाजीपाला एस.टी.नं भोसरीच्या फाट्यावर पाठवलात तर मालोजी पिंपरीहून कारखाना सुटल्यावर सायकलीवरून घेऊन येईल.

आपला,
उद्धवराव


चाकण,
ता. २९ जानेवारी १९५६

व्याहीबुवांच्या चरणी सोपानरावाचा दंडवत.

पत्र वाचून दाखवलं तशी कुसुमच्या आईनं, भागूबाईनं, देवापुढं साखर ठेवली. आज पहिलं पोतं पाठवतो आहे. गाजर, बीट, पालक आणि चार दुधी आहेत.

मी मुलीकडचा, मला जास्त बोलायचा अधिकार नाही. पण शिबिरात दुपारच्या व्याख्यानाला तुम्हाला झोप लागायची, हे शेजारच्या चटईवर असल्यामुळं मला माहीत आहे. गुरुजी म्हणाले होते, जे खायचं ते सगळंच्या सगळं खायचं. साल, देठ, बिया, सगळं. सत्त्व चोथ्यात राहतं, व्याहीबुवा. तुम्ही ते शेळीला घालता आणि माझ्या मुलीला नुसतं हिरवं पाणी पाजता. आमच्या विहिरीवर बैल पाणी पितात तिथं असलंच डबकं साचतं. मला त्याच्याकडे बघवत नाही, पिणं तर लांबच.

मी रोज सकाळी उखळात भाजी ठेचतो आणि तो लगदा तसाच कच्चा खातो. माझी जुनी मूळव्याध त्यानं गेली. मी खायला बसलो की घरातली माणसं उठून परड्यात जातात, ती गोष्ट वेगळी.

रिवाजाप्रमाणे सातव्यात कुसुमला बाळंतपणाला इकडे धाडावं. बाकी तुम्ही जाणते आहात.

आपला,
सोपानराव


चिंचवड,
ता. २० फेब्रुवारी १९५६

आईस कुसुमचा नमस्कार.

आबा, हे पत्र तुम्ही आईला वाचून दाखवाल तेव्हा सगळं दाखवा, मधलं काही सोडू नका. हे आईशी बोलणं आहे.

आई, मामंजी माझ्या काळजीनंच करतात हे मला कळतं. पहाटे पाचला उठून ते यंत्र फिरवतात, घाम येईपर्यंत. पण मला ते बघवत नाही गं. यंत्रातून चोथा सापासारखा लोंबत खाली येतो. रस गाळायला त्यांचा जुना पंचा आहे, तो धुतला तरी त्याचा वास जात नाही. पंचा पिळताना हिरवं पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळतं आणि तेच परत पेल्यात पडतं. वर फेस असतो. तीनदा पिते, दोनदा बाहेर पडतं. मग ते परत करून देतात.

मागच्या दारी चोथ्याचा ढीग झाला आहे. माश्या घोंगावतात. सुभद्राबाईंच्या शेळीनं चार दिवस खाल्ला आणि आता ती त्याच्याकडे पाठ करून बसते. दुपारी सुभद्राबाई भाकरी भाजतात तो वास भिंतीवरून येतो, तेव्हा मला रडू फुटतं. मला दुसरं काही नको. एक ज्वारीची भाकरी आणि तुझ्या हातची लसणाची चटणी पाठव. हे कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवून येतात. एकदा माझ्यासाठी कागदात बांधून भजी आणली होती, ती मामंजींनी चोथ्यावर फेकली.

मी पेला टाकून देऊ शकते, कुणी माझे हात धरलेले नाहीत. पण टाकताना मागच्या खेपेचं आठवतं आणि वाटतं, या वेळीही काही झालं तर ते माझ्यामुळं झालं म्हणतील. म्हणून नाक दाबून पिते. माझी शुद्ध हरपेल असं वाटतं. सातव्याची वाट बघू नका, मला आत्ताच येऊन घेऊन जा.

तुझी,
कुसुम


चाकण,
ता. २४ फेब्रुवारी १९५६

व्याहीबुवांस दंडवत.

कुसुमचं पत्र आलं. रसानं तिचं पोट बिघडलं आहे, पाजलेलं बाहेर पडतं आहे, असं ती लिहिते. मी म्हणत होतो ते खरं निघालं, याचा आनंद मानायचा की दुःख, हे कळत नाही. चोथ्यावाचून नुसता रस पोटात टिकणार कसा? शेळीचं लिहिलंय त्यावरून चोथा शिळा ठेवता असं दिसतं. ताजा ठेचून दिला तर शेळीच काय, माणूसही आवडीनं खाईल.

माझं ऐकायचं असेल तर एक करू. मी इथं उखळात लगदा ठेचून डब्यात भरून पहिल्या एस.टी.नं पाठवतो. तो तिला पंधरा दिवस द्या.

तिला इकडे आणायचंही तिच्या मनात आहे. पण मी भागूबाईला सांगितलं, इतक्यात नको. इथं आणून गुण आला तर लोक म्हणतील, माहेरच्या हवेनं आला. तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांदेखत चोथ्यानं गुण आला पाहिजे, म्हणजे वादाला जागा उरणार नाही.

आपला,
सोपानराव


चिंचवड,
ता. ५ मार्च १९५६

सोपानरावांस नमस्कार.

सूनबाईंनी घरातली गोष्ट परस्पर माहेरी कळवावी, याचं मला वाईट वाटलं. मी त्यांना समोर बसवून विचारलं. मी एका शब्दानं रागावलो नाही. त्यांच्या अवस्थेत रागावणं बरं नव्हे, एवढं मला कळतं.

तरीही मी हेकट माणूस नाही. तीस वर्षं शास्त्र शिकवलं आहे, प्रयोगाला मी नाही म्हणणार नाही. सकाळी माझा रस आणि संध्याकाळी तुमचा लगदा, असं ठरवलं आहे. एक वही घातली आहे. वजन, जिभेचा रंग, झोप, शौच, सगळं रोज लिहितो. तुम्हालाही दर पंधरवड्याला नक्कल पाठवीन.

तुमचा पहिला डबा शनिवारी पोचला. मालोजीनं सायकलीवरून आणेपर्यंत उन्हात तापला होता. झाकण उघडायला गेलो तर ते आपणहून उडालं आणि फडताळाला आपटलं. आत बुडबुडे येत होते. रंगाचं वर्णन करत नाही. वास असा होता की सुभद्राबाई भिंतीपलीकडून विचारू लागल्या, उंदीर मेलाय का. सोपानराव, तुम्ही हे खाता? मला नाकाला रुमाल लावून वाढावं लागलं. पण आंबलेल्या पदार्थातही जीवनशक्ती असते असं शिबिरात ऐकल्याचं स्मरतं, म्हणून नियम मोडला नाही.

सूनबाईंनी चार चमचे खाल्लं. त्यातलं थोडं परत आलं, त्याची नोंद केली आहे.

आपला,
उद्धवराव


चाकण,
ता. २८ एप्रिल १९५६

चि. सौ. कुसुमला आबांचा आशीर्वाद.

दोन महिने झाले, तुझ्या हातची ओळ नाही. भागूबाई रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसते. मी तिला सांगतो, मुलगी खुशाल आहे म्हणून लिहीत नाही. मामंजींच्या वहीची नक्कल माझ्याकडे येते, त्यात तुझं वजन दोन पौंडांनी उतरलंय, पण ते रसानं. चार दिवस डबा चुकला त्याच दिवसांत ते उतरलं, हे मी हिशेब करून त्यांना लिहिलं आहे.

भाकरी आणि चटणी काही पाठवली नाही. तुझ्या चांगल्यासाठीच पाठवली नाही. एवढे दिवस पाळलेलं पथ्य जिभेच्या चोचल्यापायी मोडू नकोस.

इकडे ऊन फार आहे. विहिरीचं पाणी तळाला गेलं, भाजी करपली. दुधीचा एकच वेल तग धरून आहे. त्याचे चार मोठे दुधी ७ तारखेच्या एस.टी.नं पाठवीन, मामंजींना रसाला होतील. तुझी आई त्या वेलावरून माझ्याशी हुज्जत घालते आहे. ते बायकांचं नेहमीचंच, लिहीत बसत नाही.

सातवा संपत आला, हे माझ्या ध्यानात आहे. पण आता आठव्याच्या तोंडावर एस.टी.चे धक्के नकोत. वही पुरी होऊ दे. बाळंतपण तिकडेच करू.

आबा


पुणे,
ता. ९ मे १९५६

सोपानराव मामांस मालोजीचा नमस्कार.

कार्ड घाईत लिहितो आहे. काल सकाळी रस प्यायल्यावर अर्ध्या तासात कुसुमच्या पोटात आग पडली. उलट्या सुरू झाल्या, नंतर त्यात रक्त दिसलं. जुलाबही झाले, हातपाय गार पडले. मी पहिल्या शिफ्टला होतो, सुभद्राबाईंच्या मालकांनी कारखान्यावर येऊन सांगितलं. कारखान्याची मोटार मिळाली म्हणून पुण्याच्या इस्पितळात वेळेवर आणता आलं. रात्रीपासून कळा सुरू आहेत. डॉक्टर म्हणतात, बाई वाचेल असं वाटतं, मुलाचं सांगता येत नाही.

सासूबाईंना घेऊन या. येताना कसलाही भाजीपाला आणू नका.

मालोजी


चिंचवड,
ता. १४ मे १९५६

सोपानराव,

परवा इस्पितळाच्या व्हरांड्यात चार लोकांसमक्ष तुम्ही मला जे बोललात, ते मी तिथं ऐकून घेतलं. आता लेखी उत्तर देतो.

सूनबाई वाचल्या आणि मुलगी झाली, साडेतीन पौंडांची का होईना, जिवंत आहे, हे आपलं भाग्य. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दुधी कडू होता आणि असल्या कडू दुधीचा रस म्हणजे विष असतं. दुधी कुणाच्या मळ्यातला? तुमच्या. पोत्यात कुणी भरला? तुम्ही. मी नेहमीच्या पद्धतीनं साल काढून यंत्रात घातला, सोबत कारलं होतं, त्यामुळं कडवटपणा वेगळा समजून येण्याचा प्रश्नच नव्हता. रस काढणाऱ्याचा यात काही दोष नाही.

चोथ्यासकट दिला असता तर विष बाधलं नसतं, हे तुमचं व्हरांड्यातलं विधान अडाणीपणाचं आहे. विष चोथ्यातही असतं. उलट तुमच्या आंबट लगद्यानं आतडी आधीच सोलून निघाली होती, हे डॉक्टरांना तुम्ही का सांगितलं नाहीत?

वही मी पुराव्यादाखल जपून ठेवली आहे.

उद्धवराव


चाकण,
ता. १५ मे १९५६

कुसुमला आईचा आशीर्वाद.

पोस्टमन चिमाजीला वट्यावर बशिवलंय. मी सांगती तसंच लिव, माझ्या बोलन्यात काय बी सुदारू नको म्हनलं त्येला.

तुजा बाप शनवारी येकलाच पुन्याला गेला. बाईमानसाचं थितं काय काम, म्हनला. जावयानं मला आना म्हून लिवलं व्हतं, ते आज चिमाजीनं कार्ड वाचल्यावर मला कळलं. मग म्या तुजी जुनी पत्रं बी फडताळातनं काडली आन त्येच्याकडनं वाचून घेतली. कुसुम, तू भाकर मागितलीवतीस. मला चटनी मागितलीवतीस. ह्या मानसानं मला येवडंच वाचून दावलं की पोरीला रस सोसत न्हाई, चोथा पायजे. म्या तीन म्हयनं तुज्यासाटी हातानं उकळात त्यो घान कुटत व्हते. मला वाटलं, तूच मागतीस.

दुधीचं सांगती. उनानं येल करपला तवाच मला वास आला. म्या चकती काडून जिबंला लावली, कडू जहर. थुकून टाकली तरी दिसभर तोंड वंगाळ व्हतं. चार दुधी तोडून उकिरड्याच्या कडंला टाकलं. तुज्या बापानं त्येच उचललं, दिसाया मोटं व्हतं म्हून. म्या आडवी झाले, म्हनलं, ह्ये कडू हायती, गुरं बी तोंड लावनार न्हाईत. म्हनला, यंत्रात घातल्यावर कडू काय आन गोड काय, औशदाला चव बगत न्हाईत. म्या पोत्याला हात घातला तर हात झटकला माजा.

मी हात का सोडला, ह्ये मलाच इचारती रोज.

बेस्तरवारच्या यष्टीनं येती. पुन्यात इचारत इचारत येईन. त्येला सांगून येनार न्हाई.

आई


पिंपरी,
ता. १२ जून १९५६

ती. मामंजी आणि ती. आबा यांस,

हे पत्र मी दोनदा लिहिते आहे. एक चिंचवडला जाईल, एक चाकणला. दोन्हींत शब्द तेच आहेत, तेव्हा एकमेकांना नक्कल पाठवायची तसदी घेऊ नका.

आम्ही चिंचवडचं बिऱ्हाड सोडलं आहे, हे तुम्हाला यांनी सांगितलंच. कारखान्याजवळ एक खोली मिळाली. आई माझ्याजवळ आहे. बाळाचं वजन पावणेपाच पौंड भरलं. हे मी आनंदानं लिहिलं असतं, पण तुम्हा दोघांना वजन कळवताना आता हात थबकतो.

त्या सकाळची गोष्ट मामंजी तुम्ही कुणालाच पुरती सांगितलेली नाही, म्हणून मी सांगते. दुधी चिरायच्या आधी मी म्हटलं होतं, एक चकती चाखून बघते. आईनं मला भाजी निवडायला शिकवलं तेव्हापासून मी न चाखता दुधी कधी चिरला नाही. आमच्याकडे कुणीच चिरत नाही. तुम्ही म्हणालात, औषधाची वस्तू उष्टी करायची नाही. रस काढलात. नेहमीप्रमाणे आधी स्वतः घोट घेतलात, मोरीकडे धावलात आणि थुंकून आलात. तीनदा चूळ भरलीत. मी दारात उभी राहून बघत होते. मग पंच्यानं तोंड पुसून पेला माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "माझी प्रकृती पित्ताची, मला सोसत नाही. तुमचं रक्त यानं शुद्ध होईल."

मी प्यायले. एवढा मोठा पेला, कडूपणानं जीभ बधिर झाली तरी शेवटपर्यंत प्यायले. मागचं मूल माझ्या अंगात रक्त नव्हतं म्हणून गेलं, असं तुम्ही रोज सांगत होता आणि माझा त्यावर विश्वास बसला होता. डॉक्टरांना मी तेही विचारलं. ते म्हणाले, पहिलं मूल का गेलं हे इतक्या दिवसांनी कुणीच सांगू शकणार नाही. मामंजी, तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट तुम्ही मला चार महिने शपथेवर सांगत होता.

आबा, तुमचं मी काय लिहू? तुमच्या मळ्यात कडू निघालेले दुधी उकिरड्यावर पडले होते, तिथून उचलून तुम्ही माझ्यासाठी धाडलेत. आईनं अडवलं तर तिचा हात झटकलात. मी भाकरी मागितली, तुम्ही ती वाचून मनात ठेवलीत. मला न्या म्हटलं, तर व्याह्यांपुढं तुमचा शब्द खरा ठरावा म्हणून मला तिथंच ठेवलंत. मग मी पत्रं बंद केली. माझं प्रत्येक पत्र तुमच्या भांडणात कामाला येत होतं.

पण मी हे पत्र त्याही गोष्टींसाठी लिहीत नाही. ते कदाचित गिळलं असतं. मी लिहिते आहे ते इस्पितळातल्या पाचव्या दिवसामुळं. मला सलाइन लावलं होतं, बाळ कापसात गुंडाळून दुसऱ्या खोलीत होतं आणि ते रात्र काढेल की नाही हे नर्सलाही सांगता येत नव्हतं. खिडकीबाहेर व्हरांड्यात तुम्ही दोघं उभे होता. मला वाटलं, आता आत येतील. एकानं तरी विचारावं, कुसुम, कशी आहेस. मी डोळे पुसून, पदर सारखा करून दाराकडे बघत राहिले. आणि बाहेर तुम्ही वाद घालत होता की विष रसात जास्त उतरतं की चोथ्यात जास्त राहतं. एक तासभर. नर्सनं तुम्हाला बाहेर काढलं तेव्हा तुम्ही जिन्यातूनही तेच बोलत गेलात. आत कुणीच आलं नाही.

त्या घाणेरड्या पेल्याची मला किळस होती, डब्याची होती, पंच्याची होती. ती किळस जाईल, आई म्हणते. आता भाजीवाली दारात आली तरी मी दार लावून घेते, तेही जाईल. त्या एका तासाची किळस मात्र जात नाही. तुमचे दोघांचे चेहरे आठवले की ती परत येते. वडीलमाणसांबद्दल असं लिहिताना मला भीती वाटायला हवी होती, पण वाटत नाही.

बारसं २४ तारखेच्या रविवारी आहे. आजोबांना बोलावलं नाही तर लोक काय म्हणतील, असं हे म्हणतात. आईलाही तसंच वाटतं. म्हणून बोलावते. येताना काही आणू नका. भाजी नको, फळ नको, बाटली नको, डबा नको. हातात पिशवी दिसली तर मी दार उघडणार नाही. रिकाम्या हातानं या आणि पानात जे वाढीन ते जेवा.

बाळ माझ्या अंगावर पितं आहे. त्याला काय पाजावं, किती पाजावं, कसं पाजावं, यातलं एक अक्षर ज्याच्या तोंडून निघेल, त्याला तिचं नाव ऐकायच्या आधी उठून जावं लागेल. मग ते आबा असोत की मामंजी.

कुसुम